केळीचा घड वाहणारा माणूस ब्राँझमध्ये : फैजपूर-जळगावच्या ओतकामाच्या नोंदी

खानदेशात राहून मानवाकृती ब्राँझमध्ये करू पाहणाऱ्यांसाठी या नोंदी ठेवल्या आहेत. मातीकाम शिकवणारे भेटतात, पण मातीनंतर आपल्या हवेत, आपल्या पाण्यात आणि इथे मिळणाऱ्या भट्टीत काय होतं हे सांगणारं फारसं कुणी भेटत नाही. भर त्यावरच दिला आहे.

6 जानेवारी

विषय पक्का केला. बागेतून घड खांद्यावर घेऊन ट्रककडे निघालेला केळी मजूर. निम्मं माप, म्हणजे तळपायापासून डोक्यापर्यंत पावणेतीन फूट. ऑर्डर कुणाचीच नाही, पैसे माझे.

आतापर्यंतचं माझं पोट अर्धपुतळ्यांवर चाललं. शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायती. बहुतेक काम फायबरमध्ये करून वर ब्राँझचा रंग द्यायचा, कारण समितीकडे तेवढाच पैसा असतो. रावेर-यावलच्या उन्हात तो रंग काही वर्षांत पांढरट पडतो आणि मग कुणीतरी ऑइल पेंट फासतं. चेहऱ्यावर केलेलं बारीक काम त्या रंगाखाली जातं ते कायमचं. ब्राँझचं काम मिळालंच तर माती इथे करून ओतायला मुंबई-पुण्याकडे पाठवायचं. मेणाची प्रत (हिच्यावर कवच चढवून मेण जाळून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात) आपल्या नजरेआड दुरुस्त होते, चेजिंग, म्हणजे ओतलेल्या धातूवरचं छिन्नीकाम, दुसराच कुणीतरी करतो, आणि परत येतो तो पुतळा आपला उरलेला नसतो. हे काम यावेळी पूर्ण इथेच करायचं आहे.

शिल्पकार राम सुतार धुळ्याजवळच्या गोंदूरचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत 1953 साली मेयो पदक, मग पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या दुरुस्तीचं काम, मग दिल्ली. गांधीसागर धरणावरची 45 फुटी चंबळ देवी काँक्रीटची, पुढचे कितीतरी पुतळे ब्राँझचे, आणि 2018 मध्ये सरदार पटेलांचा 182 मीटरचा पुतळा. एवढ्या मोठ्या माणसानेही पुढे दिल्लीजवळ साहिबाबादला स्वतःची ओतशाळा उभारली. ओतकाम आपल्या हाताखाली असल्याशिवाय ब्राँझ करणाऱ्याचं भागत नाही, असा मी त्याचा अर्थ घेते. स्वतःची भट्टी माझ्या आवाक्यात नाही. पण जळगाव एमआयडीसीत पंपांचे इम्पेलर (आतली फिरती चाकं) आणि बुश गनमेटलमध्ये, म्हणजे ब्राँझच्याच एका प्रकारात, ओतणारे लोक आहेत. शिल्पकार विनायकराव करमरकरांनी पुण्याचा अश्वारूढ शिवाजी 1928 मध्ये माझगाव डॉकमध्ये ओतून घेतला, म्हणजे जहाजाच्या कारखान्यात. मग इम्पेलरवाल्यांकडे का नाही?

15 जानेवारी

पोझ. सावद्याजवळच्या एका बागेत कापणी चालू होती, तिथे आप्पांना विचारलं. वय साठीच्या आसपास, आयुष्यभर घड वाहिलेले. दिवसाची मजुरी ठरवून ते वखारीत आले. (वडिलांच्या वेळची केळीची वखार, हाच माझा स्टुडिओ.)

मी रेखाटनांत घड खांद्याच्या मधोमध ठेवला होता. आप्पांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "ताई, असा नही ठेवत घड. मानेले टेकला पाह्यजे, नही तं दांडा फिरते." मग खरा घड उचलून दाखवला, बावीस-तेवीस किलोचा. घड डाव्या खांद्यावर मानेला चिकटून, खाली गोणपाटाची घडी. डावा हात वरून वळून दांड्यावर, उजवा हात मोकळा आणि शरीरापासून थोडा लांब. डोकं उजवीकडे ढकललेलं, पण नजर सरळ वाटेवर. उजवा कुल्ला बाहेर आलेला, वजन उजव्या पायावर, डाव्या पायाची टाच नुकती सुटलेली. आणि पोट आत. हे पोट मी कधी कल्पनेने केलंच नसतं. ओझं घेतलेला माणूस श्वास वर, छातीत धरतो.

सदऱ्याच्या डाव्या खांद्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते, धुऊन न निघणारे. पॅटिनाच्या, म्हणजे ब्राँझवर रसायनांनी रंग चढवायच्या, वेळी त्यांचा उपयोग होईल म्हणून फोटो काढून ठेवले.

23 जानेवारी

सांगाडा. तळाला जाड प्लायवूड, मागून एल आकाराची लोखंडी सळई, ती कमरेत शिरते. पाय अधांतरी राहू द्यायचे, म्हणजे टाच हलवता येते. हातापायांना अॅल्युमिनियमची तार, छातीत आणि घडात बांबूच्या कामट्यांचे क्रॉस बांधले म्हणजे माती घसरत नाही. बांबू इथे भरपूर. 1936 च्या काँग्रेसच्या फैजपूर अधिवेशनात चित्रकार नंदलाल बोसांनी इथल्याच साध्या साहित्यातून सगळी सजावट उभी केली होती, हे आमच्या गावात अजून अभिमानाने सांगतात.

9 फेब्रुवारी

माती. शेतातली काळी माती वापरू नका. ओली असताना लोण्यासारखी चालते, सुकली की सांगाड्यावरून फाटून निघते. कुंभाराकडची माती आणि शाडू निम्मे निम्मे घेतले. इथली हवा फेब्रुवारीतच कोरडी होते, म्हणून ओलं कापड आणि त्यावर प्लॅस्टिक, आणि दुपारी एकदा पाण्याचा फवारा.

चेहरा लवकर झाला, घडाने रखडवलं. निम्म्या मापाला केळं साधारण तीन-साडेतीन इंचांचं हवं. वेलची केळी तेवढीच असतात, म्हणून त्यांचे साचे काढून मेणात ओतून पाहिले. दिसायला सुरेख, पण शेजारच्या मुलाने बघताक्षणी विचारलं की वेलचीचा घड एवढा मोठा कसा? बरोबर होतं. वेलची गोल आणि पातळ सालीची. आपल्या ग्रँड नैन केळीला बाक जास्त आणि अंगाला धारा असतात. खानदेशातला बघणारा आधी घड बघणार, मग माणूस. वेगवेगळ्या बाकाची काही केळी हाताने घडवली, त्यांच्या फण्या केल्या, आणि प्रत्येक फणी दांड्याला लावताना थोडी फिरवली. वरच्या फण्या मोठ्या, खाली लहान होत जाणाऱ्या. तरी दोन फण्यांमधल्या खोल फटी साच्याला जड जाणार हे दिसत होतंच.

24 फेब्रुवारी

साचा. आकृतीसाठी सिलिकॉन रबर ब्रशने थरावर थर, वर प्लॅस्टरचं कवच. घड आणि डावा हात कोपरापासून सदऱ्याच्या बाहीखाली कापून वेगळा केला. जोड कापडाच्या घडीत लपतो. कापायची जागा नेहमी अशी शोधावी.

रबरला 9,000 रुपये गेले. महाग वाटतं, पण या कामात पुढे मला वाचवलं ते याच खर्चाने. पैसे वाचवायला प्लॅस्टरचा तुकड्यांचा साचा केला असता, तर त्यातून दुसरं मेण काढताना धारा आणि बोटं गेली असती.

17 मार्च

मेण. पॅराफिन, मधमाशीचं मेण आणि राळ. जुने ओतारी हिवाळ्यात तेल वाढवतात आणि उन्हाळ्यात राळ वाढवतात. पुस्तकातलं प्रमाण थंड हवेच्या गावचं असतं, ते फैजपुरात चालत नाही. मी राळ वाढवत गेले, शेवटी वजनाने साधारण पाचवा हिस्सा झाली. राळ फार झाली तर मेण ठिसूळ होतं आणि साचा उघडताना बोटं तुटतात. पट्टी करून वाकवून बघायची. वाकून मग तुटली तर ठीक, वाकायच्या आत तुटली तर थोडं मधमाशीचं मेण घालायचं.

साच्याच्या दोन अर्धांत ब्रशने पहिला थर, मग अर्धे जोडून आत मेण ओतायचं, फिरवायचं, उपडं करायचं. जाडी पाच मिलिमीटर धरली. याहून पातळ झालं तर धातू पोचत नाही, जाड झालं तर आकसताना खळगे पडतात. दोन्ही तुकड्यांचं मेण मिळून साधारण तीन किलो भरलं. मेणाच्या वजनाच्या नऊ-दहा पट ब्राँझ लागतं, त्यावर धातू आत नेणाऱ्या नळ्या आणि तो ओतायचा कप यांचा धातू वेगळा.

8 एप्रिल

आजची नोंद उन्हाळ्यात काम करणाऱ्यांनी जरूर वाचावी.

वखारीचं छप्पर पत्र्याचं. बाहेर पारा त्रेचाळीसच्या वर, आत त्याहून जास्त. मेणाची आकृती उभी ठेवलेली होती. संध्याकाळी पाहिलं तर उजवा, म्हणजे वजनाचा, पाय घोट्यात बसला होता आणि कुल्ल्याचा बाक वाढला होता. कुठे चीर नाही, कुठे तडा नाही. लक्ष नसतं तर कळलंही नसतं. मातीचे फोटो शेजारी धरले तेव्हा फरक डोळ्यांत भरला. आप्पांच्या अंगात जो ताण होता तो गेला होता. मेणातला माणूस ओझ्याखाली वाकलेला दिसत होता, आणि माझा माणूस वाकलेला नाही, तो ओझं घेऊन चालतो आहे.

दुरुस्त करण्याचा प्रयत्न सोडला. मेण वितळवून त्याच साच्यातून पुन्हा काढलं. नंतरची व्यवस्था अशी:

मेण आडवं, वाळूच्या गादीवर. उभं करायचं ते फक्त काम करताना. काम पहाटे चारपासून नऊपर्यंत. दुपारी मेण शेजारच्या मातीच्या घराच्या आतल्या खोलीत, खाटेखाली, भोवती ओली गोणपाटं. कुलर थेट मेणावर लावला तर एक बाजू थंड आणि एक गरम होऊन जोडांवर चिरा जातात, म्हणून तो खोलीच्या दाराशी.

खरं तर मेणकाम नोव्हेंबर ते जानेवारीत करावं आणि मातीकाम पावसाळ्यात.

16 एप्रिल

नळ्या लावल्या. आकृती उलटी ओतायची, पाय वर आणि डोकं खाली. कप पायांपाशी, तिथून जाड नळी थेट तळाशी डोक्याजवळ जाते आणि धातू खालून वर चढतो. चेहरा सर्वांत आधी भरतो, तिथला धातू स्वच्छ आणि घट्ट येतो. हवा आणि मळ वर पायांकडे जातो. गाभा, म्हणजे पोकळ मेणाच्या आत भरायचा माल, जागेवर राहावा म्हणून मेणातून आरपार लोखंडी खिळे, अर्धे आत, अर्धे बाहेर.

मेण जळगावला न्यायला पहाटे तीनला टेम्पो काढला. फोमच्या गादीवर आडवं, वर ओलं कापड. तापीचा पूल ओलांडला तेव्हा अजून अंधार होता, आणि ऊन लागायच्या आत फाउंड्रीच्या सावलीत मेण उतरवलं.

19 एप्रिल

कवच. प्लॅस्टर एक भाग, विटांची भुकटी दोन भाग. पहिला थर बारीक चाळलेल्या भुकटीचा, ब्रशने, बुडबुडे फुंकरीने फोडत. फण्यांच्या फटींत ब्रश जात नाही, तिथे सिरिंजने भरलं. मग जाड थर, मध्ये कोंबडीजाळी, वर पुन्हा थर. गाभ्यालाही हाच माल.

फाउंड्रीतले मिस्त्री वाळूच्या साच्यांत वाढलेले. त्यांच्या कामात साचा उघडतो, मॉडेल बाहेर निघतं. इथे मॉडेलच जळून जाणार हे त्यांना पटेना. "ताई, आत काय झालं ते कळणार कसं?" हा त्यांचा प्रश्न योग्यच होता. ओतेपर्यंत कळत नाही, म्हणूनच नळ्यांवर इतका वेळ घालवायचा.

22 एप्रिल

भट्टी अंगणातच रचली. सुट्या विटा, वरून मातीचा लेप. इंधन बाभळीची लाकडं. फुकट मिळते म्हणून पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं) वापरू नका. ती भडकते आणि विझते, तापमान वरखाली होतं, कवचाला तडे जातात. पऱ्हाटी फक्त पेटवायला.

साचे कप खाली करून ठेवले. आधी मेण गळून जाऊ दिलं, मग हळूहळू 600 ते 650 अंश. तापमान मोजायला थर्मोकपल लावा, अंदाजाने करू नका. 700 च्या पुढे गेलं की प्लॅस्टरची ताकद जाते. कपाच्या तोंडात आत बघायचं. काळं दिसत असेल तर मेणाची काजळी शिल्लक आहे, भट्टी चालू ठेवायची. आतून सगळीकडे सारखा मंद लाल उजेड दिसला की झालं. याला निदान दोन दिवस-रात्र लागतात.

दुसऱ्या रात्री अवकाळी आला. वाऱ्यासह, बोराएवढ्या गारा. मिस्त्री आणि त्यांची मुलं पत्रे धरून भट्टीवर उभी राहिली. साचा भिजला असता तर ओतताना वाफेने फुटला असता, आणि अकराशे अंशांचा धातू उडणं म्हणजे काय हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही.

24 एप्रिल

ओतलं. धातू गनमेटल, तांबं 85 टक्के आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी 5. इम्पेलरसाठी ते हाच धातू रोज वितळवतात. भंगारातले व्हॉल्व्ह घालायचा मोह टाळा, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. खात्रीच्या धातूच्या विटा घेतल्या, किलोला साधारण 650 रुपये पडले.

साचे खड्ड्यात उभे करून भोवती कोरडी वाळू दाबली. मुशीत (धातू वितळवायच्या भांड्यात) धातूवर कोळशाचा थर. ओतायच्या आधी धातूतला ऑक्सिजन काढायला फॉस्फर कॉपर टाकून ढवळलं, मळ काढला. इम्पेलर जाड असतो, तो थोड्या थंड धातूनेही भरतो. आपली भिंत पाच मिलिमीटरची, त्यामुळे 1170-1180 च्या आसपास ओतायचं ठरलं होतं. तापमान तिथवर येत असतानाच वीज गेली. ब्लोअर बंद. जनरेटर सुरू होईपर्यंत धातू उतरला आणि साचेही वाळूत निवत गेले. पुन्हा तापवून ओतलं, पण साचे परत गरम करायला मार्ग नव्हता.

घड पहिल्याच झटक्यात कपापर्यंत भरला. आकृतीत धातू चढला, पण हवेच्या नळीतून वर आला तो आळसावलेला, जाडसर.

25 एप्रिल

कवच फोडलं. चेहरा, छाती, पोट, उजवा हात उत्तम. गोणपाटाची वीणसुद्धा आली आहे. घडात दोन केळ्यांची टोकं नाहीत, बाकी सगळं आहे.

डाव्या पायाची पोटरी अपुरी. घोट्याच्या वर एक रेघ गोल फिरते, जिथे दोन बाजूंनी आलेला धातू भेटला पण एकजीव झाला नाही. त्याखाली टाच नाहीच. उलट्या साच्यात पाय सर्वांत शेवटी भरतात, तिथे पोचेपर्यंत धातूची उष्णता संपली. कारण दोन: निवलेला साचा, आणि सुटलेल्या टाचेला हवा जायला एकच बारीक नळी.

मिस्त्री म्हणाले, भरून टाकू, वेल्डिंगने पाय करू. नको म्हटलं. तो पाय जमिनीवरून उठतो आहे, सगळी चाल त्यात आहे. वेल्डिंगचा गोळा घासून केलेल्या पायाला पोटरीचा स्नायू येत नाही.

13 मे

रबराचा साचा होता म्हणून डावा पाय गुडघ्यापासून पुन्हा मेणात काढला, तोही रात्री. यावेळी टाचेला आणि अंगठ्याला वेगळ्या हवेच्या नळ्या, मुख्य नळी जाड. साचा भट्टीतून काढल्यावर लगेच ओतला, जनरेटर आधीपासून चालू ठेवून. पूर्ण आला.

याच वेळी वाळूत बोटाएवढ्या जाडीच्या चरांत उरलेला धातू ओतून त्याच्या काड्या केल्या. हे विसरू नका. जोड त्याच धातूच्या काडीने करावा. बाजारातली दुसरी काडी वापरली तर घासल्यावर जोड दिसत नाही, पण पॅटिना चढवला की रेघ वर येते.

4 जून

आर्गन वेल्डिंग करणारा भुसावळचा. पाय, हात, घड जोडला. खिळ्यांची भोकं आटे पाडून ब्राँझच्या स्क्रूने बंद केली, वरून ठोकून सपाट केली.

चेजिंग मी स्वतः करते आहे. धातू निवताना दीड-दोन टक्के आकसतो, ते अंगावर सारखं वाटलं जातं म्हणून डोळ्याला कळत नाही, पण डोळ्यांच्या पापण्या आणि केळ्यांच्या धारा बोथट होतात. तिथे छिन्नीने धार परत काढावी लागते. ग्राइंडर फक्त नळ्यांचे ठुणके काढायला. त्वचेवर ग्राइंडर फिरवला की सगळा माणूस एकाच मऊ कापडाचा दिसतो. इथे मला सर्वांत जास्त वेळ लागला आणि त्याची मला खंत नाही.

22 जून

पॅटिना. आधी लिव्हर ऑफ सल्फर या गंधकाच्या रसायनाने काळसर तळ, तो घासून उंचवटे उघडे केले, मग फेरिक नायट्रेट. टॉर्चने इतकं तापवायचं की ब्रशमधलं पाणी लागताच चर्र होऊन उडावं, पण थेंब नाचू नये.

पहिल्या दिवशी पाठभर पांढरे ठिपके आले. रसायन बोअरच्या पाण्यात केलं होतं. आपल्याकडच्या बोअरला क्षार किती ते किटलीचा तळ बघितला की कळतं. सगळं काढून डिस्टिल्ड वॉटरमध्ये नव्याने केलं, मग तपकिरी सारखा चढला. डाव्या खांद्यावर आणि गोणपाटावर काळा तळ घासला नाही, तसाच ठेवला. तो चीक. घडावर हिरवा देण्याचा विचार सोडून दिला, कारण केळी वेगळी रंगवलेली दिसली असती. अंग गरम असतानाच मधमाशीचं मेण कापडाने चोळलं.

मास्क आणि उघडी जागा हवीच. पाऊस सुरू झाला की हवा दमट होते आणि रंग डागाडागांनी बसतो, म्हणून हे काम मृगाच्या पावसात उघडीप बघून उरकलं.

30 जून

खर्च, ज्यांना आकडा हवा त्यांच्यासाठी. रबर 9,000. मेण आणि राळ 3,500. प्लॅस्टर, भुकटी, जाळी 6,000. धातू दोन्ही वेळचा मिळून साठ किलोच्या आसपास, 39,000. भट्टी, इंधन आणि फाउंड्रीची मजुरी 18,000. वेल्डिंग 4,000. आप्पांची मजुरी आणि टेम्पो वेगळे. नळ्या आणि कप यांतला धातू परत मिळाला, तो पुढच्या कामाला. माझी मजुरी यात धरलेली नाही. धरली तर हे परवडत नाही, पण दुसरी प्रत काढताना माती आणि रबर यांचा खर्च नाही, तिथून हिशोब बदलतो.

आप्पा येऊन पाहून गेले. घडाभोवती फिरले, दांड्यावरच्या हातात आपला हात धरून बघितला आणि म्हणाले की दांडा अजून थोडा जाड असतो, कापल्यावर टोकाला फुगतो. पुढच्या मेणात तो बदल करणार आहे.

5 जुलै

बैठक काळ्या बेसॉल्टची. पायांच्या तळव्यांत आतून ब्राँझच्या पट्ट्या वेल्ड करून त्यांत स्टेनलेसचे बोल्ट घेतले, दगडातली भोकं इपॉक्सीने भरली. साधे लोखंडी बोल्ट वापरू नका. ब्राँझला लागून ओल धरली की लोखंड आधी गंजतं, फुगतं आणि दगड फोडतं. गंजाचे ओघळ येतात ते वेगळे.

दुसऱ्या प्रतीचं मेण दिवाळीनंतर काढेन. मिस्त्रींनी तोवर अंगणातली भट्टी मोडायची नाही असं ठरवलंय. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कुणाचं मेण तयार असेल तर त्याच भट्टीत सोबत लावता येईल. एका वेळी तीन-चार साचे बसतात, आणि इंधनाचा खर्च वाटला जातो.